ग्रँड आयलंडच्या हिरव्या पाण्यात

गोव्याला डायव्हिंग करून आले म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, "पाणी स्वच्छ होतं का?" अंदमान-लक्षद्वीपचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. सरळ उत्तर असं, की गोव्याचं पाणी हिरवं असतं. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांचा गाळ इथेच समुद्रात उतरतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तळाकडचं पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं. चार ते सहा मीटरपर्यंतचं दिसलं की प्रशिक्षक खूश असतात. कधीकधी दोन मीटरवर भागवावं लागतं. पण ज्या प्लवकामुळे लांबचं दिसत नाही, त्याच्याच जिवावर इथल्या माशांची पोटं भरतात. या समुद्रात लांबचं बघायला जायचंच नाही. एका खडकापाशी थांबायचं आणि तो खडक नीट बघायचा. मला हा समुद्र मनापासून आवडतो. लोक दहा मिनिटं पाण्यात राहून "काही दिसलं नाही" म्हणतात आणि त्याला निकालात काढतात, याचं वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेकीला घेऊन गेले. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करायचा होता. माझा तारकर्लीला पूर्वीच झालाय, त्यामुळे तिच्या डाइव्हना मी सोबत उतरणार होते. मुक्काम वास्कोला मावशीकडे.

गुरुवार: वास्को

कोल्हापूरहून पहाटे निघालो. आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत दुपारच्या जेवणाला मावशीकडे पोचलो. ताटात बांगड्याचं उड्डमेथी, उकड्या तांदळाचा भात, तळलेली सुंगटं आणि सोलकढी. उडीद आणि मेथ्या तेलावर परतताना जो वास सुटतो, तो जिन्यापर्यंत आला होता. "आज पोटभर खाऊन घ्या गे, शनिवार-रविवार मी पेजच देणार," मावशीनं आधीच बजावलं. ती कधी पाण्यात उतरलेली नाही, पण भरल्या पोटी बोटीत बसलेल्यांचं काय होतं ते वास्कोतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी तिच्याबरोबर मासळी बाजारात गेलो. मी हे मुद्दाम करते आणि इतरांनाही सांगेन, पाण्यात उतरण्याआधी बाजार बघा. खाली मास्कमधून एखादा मासा दोन सेकंदच दिसतो. त्याचं तोंड, शेपटी, अंगावरचे ठिपके आधी जवळून बघितलेले असतील तर तेवढ्या वेळातही ओळख पटते. मावशीच्या नेहमीच्या बाईनं एक जाडजूड ठिपकेवाला मासा उचलून लेकीच्या हातात दिला. "हो खडपांतलो गोब्रो, बाये. दोळे पळय ताचे!" डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. गोब्रा खडकांच्या कपारीत राहतो आणि एकदा जागा धरली की सहसा सोडत नाही. त्याच्या बऱ्याच जातींत मासा मादी म्हणून मोठा होतो आणि पुढे त्यातले काही नर बनतात. मोठेच मासे सारखे पकडत राहिलं तर नरच कमी पडतात, हे मी लेकीला सांगत होते तर मासेवाली म्हणाली की तिच्या सासूच्या वेळचे गोब्रे दोन हातांत मावत नसत.

शेजारी तांबोशी होती, शेवंड होते, माकूल (कटलफिश) होती. बाजूला टाकलेला एक केंड (पफरफिश) होता. हा मासा विषारी, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. आम्ही खाली मात्र त्याला शोधणार होतो.

रात्री गॅलरीत बसलो. काका मुरगाव बंदरात नोकरीला होते. समोर नांगरलेल्या जहाजांचे दिवे दाखवत त्यांनी बुडालेल्या जहाजांचा विषय काढला. हा विषय निघाला की ते वेळ विसरतात. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची. तिथल्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी याच परिसरात पाण्याखाली जुन्या जहाजांचे अवशेष शोधले. सुंची रीफजवळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचा माल मिळाला: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. सेंट जॉर्ज रीफवर तर चक्क बांधकामाचं सामान सापडलं. कौलं, फरशा, नळ, नक्षीदार खांबांचे तुकडे, आणि त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५ असा छाप. तो मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचा सन. म्हणजे जहाज बुडालं ते त्यानंतर कधीतरी. काका म्हणाले, "ती कौलं कुणाच्या तरी घरावर चढायची होती. त्या घरवाल्यानं किती वाट बघितली असेल!"

शुक्रवार: पोहण्याचा तलाव

कोर्सची थिअरी लेकीनं घरूनच ऑनलाइन केली होती. तलावात आधी २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं, मग सामान. प्रशिक्षक देवबागचा, तारकर्लीत शिकून गोव्यात आलेला पोरगा. मराठी बोलता बोलता मालवणीवर यायचा. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकातून हवा सोडून ते बाहेर काढायचं, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग, काढून पुन्हा शोधून लावायचा, हवा संपली तर सोबत्याची कशी घ्यायची, हे सगळं तो गुडघे टेकून करून दाखवत होता. मास्क काढायच्या वेळी लेक दोनदा वर आली. तो शांतपणे म्हणाला, "घाई कसली? मासो खंय पळान जाणा नाय." तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून, श्वास मोजत केलं आणि झालं.

त्यानं सर्वांत जास्त वेळ घेतला तो एका जागी तरंगण्यावर. खाली टेकायचं नाही, वर जायचं नाही, फक्त श्वासावर अधांतरी राहायचं. श्वास भरला की अंग किंचित वर, सोडला की खाली. एवढं एक जमलं की डाइव्हर होतो असं मी म्हणेन. ज्याला हे जमत नाही तो पाय झाडतो, गाळ उडवतो, प्रवाळाला धरतो, आणि मग पाणी गढूळ आहे म्हणतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगते. पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते, गाळून कोरडी केलेली. तिला तेलाचा किंवा धुराचा कसलाही वास यायला नको. वास आला तर टाकी बदलून मागा. टाकीचा दाब साधारण २०० बार असायला हवा, काटा स्वतः बघा. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो वरच्या दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट वेगानं संपते. एक नियम कधीच मोडायचा नाही: श्वास रोखायचा नाही. खाली भरलेली हवा वर येताना फुगते, आणि रोखून धरली तर फुप्फुसाला इजा होते.

सर्दी असेल तर जाऊ नका. औषधानं मोकळं केलेलं नाक खाली गेल्यावर पुन्हा बंद होऊ शकतं. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरांचं पत्र घ्या. जिथे आरोग्याचा फॉर्म न वाचताच सही मागतात, तिथून परत फिरा. वय किमान दहा वर्षं लागतं. नुसता अनुभव घ्यायचा असेल तर एका दिवसाची डिस्कव्हर डाइव्ह असते, तिची मर्यादा १२ मीटर. ओपन वॉटरची १८. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाण्याखाली किती मिनिटं, एका प्रशिक्षकाकडे किती माणसं, बोटीवर आणीबाणीचा ऑक्सिजन आहे का. शेवटच्या प्रश्नाला जो चटकन डबा उघडून दाखवतो, तो माणूस चांगला.

शनिवार: ग्रँड आयलंड

सकाळी वास्कोत पातळभाजी-पाव, अर्धाच. लेकीला बोट लागते म्हणून गोळी तासभर आधी दिली होती. समुद्र सकाळी शांत असतो, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि बोट हलायला लागते. म्हणून पहिल्याच फेरीची बोट धरा.

बंदराच्या तोंडातून बाहेर पडलो तसे डॉल्फिन दिसले. गोव्याच्या किनाऱ्यालगत दिसणारे हे कुबड असलेले डॉल्फिन, उथळ पाण्यातच राहणारे. फार उड्या मारत नाहीत. पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर वर येतो, एक सुस्कारा ऐकू येतो, आणि परत पाणी. आमच्या तांडेलानं इंजिन मंद करून बोट लांबच ठेवली. दुसऱ्या दोन बोटी त्यांच्या मागे लागल्या तेव्हा तो वैतागून म्हणाला, "तांकां खावंक दी रे!" तो मूळचा मासेमारीवाला, बायण्याचा. डॉल्फिन माशांच्या मागे आहेत आणि बोटी डॉल्फिनच्या, हे त्याला बघवत नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासात बेट आलं. काळा खडक, वर दाट झाडी, घारी. बेटाच्या आडोशाला पाणी गुळगुळीत होतं. इथे डाइव्हची ठिकाणं बरीच आहेत आणि नावं त्यांना डाइव्हर लोकांनी दिलेली आहेत: शेल्टर कोव्ह, उमा गुमा, डेव्ही जोन्स लॉकर, सुझीज रेक. आमची पहिली डाइव्ह आडोशाच्या वाळूत, सहा-सात मीटरवर.

दोरीला धरून उतरलो. दोन मीटरवर लेकीचा एक कान उघडेना. तिनं हात आडवा हलवून खूण केली आणि कानाकडे बोट दाखवलं. प्रशिक्षकानं तिला अर्धा मीटर वर घेतलं, मान एका बाजूला कलवायला लावली, आवंढा गिळायला लावला. वेळ लागला. तो घड्याळाकडे बघतही नव्हता. मग तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून ठीक असल्याची खूण केली आणि आम्ही खाली गेलो.

पाणी २७-२८ अंशांचं असेल, तीन मिलिमीटरच्या सूटमध्ये थंडी वाजली नाही. तळाला लेकीच्या मास्कचा लाल पट्टा मातकट तपकिरी दिसत होता. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. छोटी टॉर्च मारली की तो रंग परत येतो, आणि त्याबरोबर खडकावरचे स्पंज, मॉस पशू (शेवाळासारखे दिसणारे इवले प्राणी), नळीत राहणारे किडे असे सगळे लाल, केशरी, जांभळे उजळतात. हिरव्या पाण्यात टॉर्च हवीच, भर दुपारीसुद्धा. मास्कमधून वस्तू खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, तेव्हा वर आल्यावर कुणी माशाची लांबी सांगितली तर त्यातला पाव हिस्सा कापून घ्यायचा.

वर आलो तर शेजारच्या बोटीवरून पाण्यात पाव फेकणं चाललं होतं. पर्यटकाच्या व्हिडिओत मासे यावेत म्हणून. माशांचा अख्खा थवा त्या पावावर तुटून पडला होता. दिसायला छान दिसतं, म्हणूनच ते थांबत नाही. पण यातले कितीतरी मासे खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवतात. त्यांना पावाची सवय लावली की शेवाळ वाढतं, भित्रे मासे निघून जातात आणि दांडगे तेवढे उरतात. तुम्ही गिऱ्हाईक आहात, पैसे तुमचे आहेत. पाव नको म्हणून सांगा. आमच्या प्रशिक्षकानं सांगितलं की माणसं नको म्हणायला लागली तर महिन्याभरात हे बंद होईल.

दोन डाइव्हच्या मध्ये तासभर बोटीवर बसायचं असतं. केळी, भिजवलेले चणे, पाणी. तांडेल पूर्वीच्या रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याबद्दल बोलत होता, अख्खा वाडा दोर ओढायला यायचा ते. जून-जुलैमधली यांत्रिक बोटींवरची मासेमारी बंदी लोक मनापासून पाळतील तर मासा परत येईल, असं त्याचं म्हणणं. मला पटलं.

दुसरी डाइव्ह प्रवाळावर. इथे टर्बिनारिया नावाचा प्रवाळ बराच आहे, एकावर एक रचलेल्या पातळ थाळ्या. गाळ असलेल्या पाण्यात टिकून राहणारी ही जात, म्हणूनच इथे तगली आहे. थाळ्यांच्या खालच्या सावलीत एक लायनफिश उलटा लटकला होता, पर पसरून, जागचा हलत नव्हता. त्याच्या काट्यांत विष असतं, पण तो कुणाच्या अंगावर येत नाही, आपण आपले हात आवरायचे. पुढे समुद्री पंखे, लांब काट्यांचे समुद्री साळू (सी अर्चिन), आणि मग समोरून हिरव्या धुक्यातून तांबोशीच्या जातभाईंचा थवा आला. पिवळट, शंभर तरी असतील. आमच्या दोन्ही बाजूंनी गेला आणि मागे मिटला. लेकीनं माझा हात घट्ट धरला होता.

प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे हे सगळे आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, ते यांना. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका.

रविवार: सुझीज रेक

आज पाणी कालच्यापेक्षा बरं होतं. सुझीज रेक म्हणजे बेटाजवळ बुडालेलं एक जुनं पोलादी मालवाहू जहाज. जहाजाचा आकार आता शोधावा लागतो. पत्रे, फासळ्या, तुटके सांगाडे, सगळ्यावर शिंपले आणि स्पंज चढलेले. सर्वांत खोल जागी चौदा-पंधरा मीटर.

इथे मी एका पत्र्यापाशी बराच वेळ थांबले. हाताच्या पंजाएवढा जांभळट डाग दिसला, मखमली. टॉर्च धरली तेव्हा कळलं, माशाची अंडी आहेत, एकेक दाणा पत्र्याला चिकटवलेला, एकाशेजारी एक. आणि त्यांच्यासमोर राखणदार: सार्जंट मेजर नावाचा मासा, बोटभर लांबीचा, अंगावर पाच काळे पट्टे. एरवी हा मासा पिवळसर असतो. अंडी राखणारा नर निळसर काळवंडतो. मादी अंडी घालून जाते, पुढचं सगळं बापाकडे. तो परांनी पाणी ढवळून अंड्यांना हवा देत होता, मध्येच एखादं पांढरं पडलेलं अंडं तोंडानं उचलून बाजूला टाकत होता. एक मोठा पट्टेरी मासा जवळ आला, त्याला पिटाळलं. माझं बोट अंड्यांपासून वीतभर अंतरावर होतं, तर माझ्या हातमोज्यावर धडक मारली, मागे गेला, परत मारली. मग मास्कच्या काचेवर. त्याच्या मानानं मी केवढी! तरी तो मागे हटला नाही. मी हात मागे घेतला आणि थोडी लांब झाले, तेव्हा तो परत पाणी ढवळायला लागला. अंडी आधी जांभळी असतात आणि आत पिल्लांचे डोळे धरले की हिरवट-करडी दिसायला लागतात. त्या पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला तसाही एक डाग होता आणि त्याच्यासमोर दुसरा बाप.

तिथून निघतो तोच प्रशिक्षकानं टाकीवर टकटक केली. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे कुठून आला ते कळत नाही, वळून सगळीकडे बघावं लागतं. तो एका फासळीखाली बोट दाखवत होता. आधी काहीच दिसेना. मग खडकाच्या एका भागानं डोळा उघडला. माकूल! डोळ्यातली बाहुली नागमोडी, डब्ल्यूच्या आकाराची. अंगाभोवतीची पातळ झालर लुगड्याच्या निऱ्यांसारखी हलत होती. आमच्याकडे बघत ती मागे सरकली. खडकावर होती तोवर खडबडीत तपकिरी, वाळूवर आली तशी फिक्कट आणि गुळगुळीत. शास्त्रज्ञ तिला रंगांध मानतात, आणि ती रंग बदलते ते असे! तिला तीन हृदयं असतात, रक्त निळसर असतं. गुरुवारी बाजारात पाटीत पडलेली पांढरी माकूल आणि ही, एकच जीव आहे हे पटायला लेकीला वेळ लागला. वर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, "आई, तिनं माझ्याकडे बघितलं."

केंडही भेटला. गोल डोळ्यांचा, चिमुकले पर फडफडवत अगदी सावकाश पोहणारा. त्याला घाबरवून फुगवायचा खेळ काही ठिकाणी दाखवतात. तो जिवाच्या भीतीनं फुगतो आणि प्रत्येक वेळी दमतो. कुणी करत असेल तर मान हलवून नको म्हणा.

जहाजाच्या एका टोकाला तुटलेलं नायलॉनचं जाळं अडकलं होतं. आत दोन खेकडे, एक जिवंत. असं जाळं वाहत आलं की कुणी ओढायला नसलं तरी ते मासे मारतच राहतं. प्रशिक्षकानं सुरीनं हळूहळू कापून खेकडा सोडवला आणि हाताला आला तेवढा भाग गुंडाळून वर आणला. यासाठी त्याला कुणी जास्तीचे पैसे देत नाही. बोटीवर तांडेलानं ते जाळं एका पोत्यात भरलं, पोत्यात आधीच बरंच होतं.

परतीला वारा सुटला, दोघी भिजलो. घरी मावशीची गरम पेज, वर खोबऱ्याची चटणी आणि तोंडाला मुगागाठी. लेक जेवता जेवता लॉगबुकात लिहीत होती: खोली, मिनिटं, उरलेली हवा, दिसलेले मासे. हे रोजच्या रोज लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरतं.

सोमवार: घाट चढायचा नाही

हे घाटावरच्या सगळ्यांनी वाचावं. डायव्हिंग करताना दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी उंचीवर गेलं, तर दाब कमी होऊन रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमान धरण्याआधी, एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त केल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं असतं. हा हिशेब साधारण ६०० मीटरच्या वर कुठेही लागू होतो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, बेळगावही सातशेच्या वर. सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी गाडी घाटाला घालणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना हे कुणी सांगत नाही. शेवटचा दिवस खालीच काढा, गोव्यात करण्यासारखं कमी नाही.

आम्ही आधी चिखलीला गेलो. इथल्या खाडीत खिडकीचे शिंपले होतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले असतात. मावशीच्या ओळखीच्या एका घरात तशी खिडकी अजून शाबूत आहे. उजेड आत येतो तो दुधाळ होऊन, ऊन येत नाही. हा जीव आता संरक्षित आहे, जिवंत काढायला मनाई आहे.

मग मडगावहून खाली काणकोण आणि गालजीबाग. सुरूची बनं, लांबलचक वाळू, माणसं जवळजवळ नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवं इथे, आगोंदला आणि वर मोरजीला अंडी घालायला येतात. वनखात्यानं घरट्यांभोवती जाळी लावलेली, प्रत्येकावर तारखेची पाटी. राखणीला असलेले गृहस्थ गावातलेच. आम्ही मराठीत विचारलं, त्यांनी कोकणी मिसळून सगळं समजावलं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, थंड राहिली तर नर. पिल्लं रात्री निघतात आणि क्षितिजाच्या उजेडाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावर कुणी दिवे लावले की ती उलटी गावाकडे चालायला लागतात. "रातीं मोबाइलाची बॅटरी मारूं नाकात, इतलेंच म्हणणें," ते म्हणाले. आदल्या आठवड्यात त्यांनी रात्रभर जागून एका घरट्यातली पिल्लं पाण्यापर्यंत पोचवली होती. सांगताना त्यांना कोण आनंद झाला होता! आम्हाला पिल्लं दिसली नाहीत, नुसती जाळी आणि वाळू दिसली. लेक तरी तिथून हलेना.

मंगळवार: परत

सकाळी उशिरा निघालो. मावशीनं आमसुलं आणि सुक्या सुंगटांची पिशवी डिकीत ठेवली. आंबोलीत चहा घेतला तेव्हा शेवटच्या डाइव्हला दीड दिवसाहून जास्त वेळ होऊन गेला होता.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्च-एप्रिलही चालतं. पावसाळ्यात सगळं बंद असतं, आणि ऑक्टोबरात पाणी अजून निवळलेलं नसतं. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा, आम्हाला लेकीच्या सुट्टीमुळे जमलं नाही. लेकीचं कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड आलंय, पुढच्या हंगामात तिला कर्नाटकातल्या मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर जायचंय. मी मात्र तिला आधी परत सुझीज रेकला नेणार आहे, त्या पत्र्यापाशी अर्धा तास थांबायला.